हुंग्याचा खेळ

१ सप्टेंबर, सोमवार

पोचलो. दोन बॅगा, पुस्तकांची खोकी आणि पोटाचा घेर एवढ्या ऐवजानिशी राजधानीच्या सगळ्यात जुन्या पेठेत माझं आगमन झालं. स्वागताला कुणी नव्हतं, पण लिफ्ट चालू होती. माझ्यासारख्याला याहून मोठं स्वागत कुठलं?

जागा तिसऱ्या मजल्यावर आहे आणि झकास आहे. एका खिडकीतून कालवा दिसतो, दुसरीतून वखारींची रांग. प्रत्येक वखारीच्या कपाळाला माल वर ओढायचा लोखंडी हूक आहे, आणि आता त्याला फुलांच्या कुंड्या टांगल्या आहेत. आमची इमारत म्हणजे जुना सरसाचा कारखाना. सरस म्हणजे सुतार लाकूड चिकटवायला वापरत तो. हाडं, खुरं, कातड्याचे तुकडे कढयांत दिवसचे दिवस उकळून काढायचा. कढया होत्या त्या दालनाचेच आता फ्लॅट झालेत. भिंतीच्या विटा मुद्दाम उघड्या ठेवल्यात. गरिबाच्या घरचा गिलावा पडला तर ती पडझड, श्रीमंताने पाडला तर वारसा.

कंपनीने पेठेतल्या वखारी, गिरण्या आणि हा कारखाना विकत घेऊन त्यांची दुकानं, कचेऱ्या आणि घरं केली आहेत. गिऱ्हाइकाला हल्ली नुसती भिंत चालत नाही, तिची गोष्टही लागते. ती लिहायला मी. जागोजागी लावायच्या पाट्या लिहायच्या आणि शनिवारी पाहुण्यांना फिरवून आणायचं. आयुष्यभर वर्तमानपत्रात लोकांची टर उडवणारा स्तंभ लिहिला. वर्तमानपत्र मेलं, खोड जिवंत आहे.

मॅनेजरबाई चटपटीत आहेत. म्हणाल्या, उद्घाटन गाजलं की नोकरी कायम, आणि हा फ्लॅट नोकरीबरोबर. तोवर बायको आणि लेक मेव्हण्याकडे. गेलं वर्ष तिथेच आहेत. मेव्हण्याची बायको तशी काही बोलत नाही. फक्त लेकीला जेवायला वाढताना विचारते, बाबांचं कुठे जमलं का गं. लेक दहा वर्षांची आहे. तिला त्या ‘का गं’चा अर्थ कळतो, आणि मग ती दुसरी पोळी मागत नाही.

हे जमायलाच हवं.

४ सप्टेंबर, गुरुवार

पेठ पायांखाली घातली. मुख्य रस्ता रुंद आहे. दोन्ही बाजूंना खाली वखार आणि वर मालकाचं घर, असे जुने सावकारी थाटाचे इमले. कापूस, लोखंड, कागद, रंग, काय वाट्टेल ते इथे उतरायचं, तोललं जायचं, विकलं जायचं. आता त्याच वखारींत नखं रंगवून मिळतात. माल बदलला, नफा तोच.

वखारींच्या पाठी आणि कालव्याची भिंत यांच्यामध्ये एक बोळ आहे. समोरून माणूस आलं तर एकाने अंग चोरावं इतका अरुंद. तो कारखान्याच्या मागच्या दारापासून निघतो आणि जुन्या कामगारांच्या खोल्यांपाशी संपतो. तिथे कंपनीने अजून काही केलेलं नाही. म्हणजे तिथे अजून माणसं राहतात.

कारखान्याच्या फाटकाशी चहाची टपरी आहे. चहावाला माझ्याच वयाचा, जिभेला धार. मी पाट्या लिहितो म्हटल्यावर म्हणाला, लिहा की, पण आमच्या टपरीला ऐतिहासिक म्हणू नका, भाडं वाढतं. मला माणूस आवडला. मी विचारलं, त्या काळी इथे वास येत असेल नाही? तो कप विसळता विसळता म्हणाला, मला काय विचारता, मी त्या वासातच जन्मलो, आईला विचारा.

९ सप्टेंबर, मंगळवार

आईला विचारलं. तिला सगळे मावशी म्हणतात. कारखाना बंद पडेपर्यंत ती कढईवर होती. किडकिडीत, हातावर भाजल्याचे जुने पांढरे डाग, आणि हसते तेव्हा सगळं अंग हसतं. मी कागद काढला, तर म्हणाली, दादा, आधी चहा घ्या, माझं बोलणं काही पळून जात नाही.

तिने जे सांगितलं ते सोनं आहे. पाळी सुटली की सगळ्यांनी न्हाणीत डोक्यावरून आंघोळ करायची. मग फाटकापाशी स्टुलावर बसलेला हुंग्या. हा त्यांच्यातलाच एक; नाक तिखट म्हणून मालकाने निवडलेला. त्याच्यापुढे एकेकाने मान वाकवून उभं राहायचं. तो मानेपाशी हुंगणार, कारण वास म्हणे केसांच्या मुळाशी दडून बसतो. स्वच्छ असेल तो मुख्य रस्त्याने घरी. वास मारत असेल तो मागच्या बोळाने. मुख्य रस्त्यावर व्यापारी, त्यांची गिऱ्हाइकं, त्यांच्या बायका. त्यांच्या नाकांना त्रास नको. बोळातसुद्धा भिंतीकडे तोंड करून चालायचं, कारण वखारींच्या मागच्या खिडक्या तिथेच उघडतात.

मावशी हे हसत सांगत होती. म्हणाली, नाकाचा काय भरवसा, हुंग्याचं बायकोशी वाजलं की त्या दिवशी सगळी पाळी बोळाने.

मी विचारलं, नीट धुतलेल्या माणसालाच बोळाने पाठवलं तर? ती हसायची थांबली. म्हणाली, तसं करायचं नाही. झालंच, तर दुसऱ्या दिवशी हुंग्याने स्टुलावरून उठायचं, सगळ्यांदेखत चुकलो म्हणायचं आणि त्या माणसाला मुख्य रस्त्याने त्याच्या दारापर्यंत सोडून यायचं. मालकाचा नव्हे, आमचा नियम. नाही केलं तर? तर तो वास त्याला लागतो, म्हणाली. वर पटकन हे पण म्हणाली, की म्हाताऱ्या बायकांचं बोलणं, तुम्ही ते लिहू नका.

कारखाना बंद होऊन पिढी गेली तरी मावशी अजून बोळानेच जाते-येते. मुलगा यावरून भांडतो. ती म्हणते, पायांना तीच वाट ठाऊक आहे.

पाटीवर शब्द मोजून बसवावे लागतात. हुंग्या बसवला, बोळ बसवला. धुतलेल्या माणसाचा नियम काढून टाकला. विनोदाच्या शेपटीला नियम बांधले की तो पळत नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

मॅनेजरबाईंना उद्घाटनाला नुसती भाषणं नकोत, काहीतरी ‘जिवंत’ हवं. मी म्हटलं, मी हुंग्या होतो. फाटकाशी स्टुलावर बसतो, पाहुण्यांना हुंगतो, कुणाला रस्त्याने सोडतो, कुणाला बोळाने. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला.

शेवटी मावशीला आणायचं असं ठरलं. खरी कामगार. मी तिला हुंगायचं आणि मोठ्याने जाहीर करायचं, स्वच्छ, जाऊ द्या मुख्य रस्त्याने. टाळ्या. डोळे पुसणं. छायाचित्र.

मावशीला सांगायला गेलो तर ती बराच वेळ कप पुसत बसली. मग म्हणाली, म्हणजे सगळ्यांदेखत, रस्त्याने? मी म्हटलं, मावशी, अगदी मधोमध. चहावाला म्हणाला, आई, काही नको. ती त्याला म्हणाली, तू गप रे, मला जाऊन बघू दे एकदा.

बायकोला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, हे तुझ्यातलं चांगलं आहे, माणसाला मान देणं.

२० सप्टेंबर, शनिवार

गाजलं. फाटकाशी पाय ठेवायला जागा नव्हती. पांढरे कपडे घातलेल्या एका गुंतवणूकदाराला हुंगून मी बोळाने पाठवलं, तो खुशीत गेला आणि परत येऊन पुन्हा रांगेत उभा राहिला. माणसं हसून हसून भिंतींना टेकत होती. बऱ्याच दिवसांनी तो आवाज ऐकला. वर्तमानपत्रात हशा ऐकू येत नाही, इथे तो अंगावर येतो.

मग मावशी आली. धुतलेले केस अजून ओले होते. नवीन चपला. सकाळपासून अंग घासत होती, हे नंतर कळलं. तिने मान वाकवली. मी हुंगलं. साबण. दुसरं काही नाही, नुसता साबण.

सगळे शांत झाले होते. ओळ तोंडात तयार होती. पण ती शांतता मला सोसवेना. आत्ताच तर सगळे हसत होते. आणि मी नाक धरलं, डोळे फिरवले, अंगठ्याने बोळ दाखवला.

काय हशा पिकला.

मी लगेच खरं वाक्य म्हणणारच होतो. पण हशा ओसरेना, आणि तोवर मावशी वळली होती. रागावली वगैरे नाही. फक्त मान हलवली, बरं म्हणाल्यासारखी, आणि भिंतीकडे तोंड करून बोळात गेली. लोकांना वाटलं, हेही ठरवलेलंच. टाळ्या पडल्या.

मॅनेजरबाई म्हणाल्या, शेवट फिरवलात तो भारीच होता. ११ तारखेला मोठे साहेब बघायला येणार, तेव्हाच नोकरीच्या करारावर सही.

चांगला दिवस गेला. गेलाच म्हणायचा.

२१ सप्टेंबर, रविवार

टपरी बंद.

विनोदात कुणीतरी निसटून पडतंच. स्तंभ लिहीत असताना मंत्र्यांना सोडलं नाही. पण मंत्री नवीन चपला घालून येत नसत.

मंगळवारी जाऊन सॉरी म्हणेन. हलक्याफुलक्या शब्दांत, म्हणजे तिलाही अवघड होणार नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

गेलो नाही. काम होतं.

ऑफिसात आज शेजारच्या टेबलावरच्या मुलीने न बोलता खिडकी उघडली. थोड्या वेळाने दुसरीही उघडली. कागद उडायला लागले तरी कुणी बंद करेना. लिफ्टमध्ये एक जोडपं माझ्याबरोबर शिरलं आणि दार मिटायच्या आत बाहेर पडलं, काहीतरी विसरल्यासारखं करून. सभेत मॅनेजरबाई बोलता बोलता खुर्ची मागे सरकवत गेल्या, पाठ कपाटाला लागेपर्यंत.

मोऱ्या तुंबल्या असतील म्हणून प्लंबर बोलावला. त्याने सगळी घरं तपासली. माझ्या दारात उभा राहून, रुमालातून, म्हणाला, मोरी साफ आहे साहेब. मग माझ्याकडे पाहिलं आणि खाली बघितलं.

मला कसलाच वास येत नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

दिवसातून तीनदा आंघोळ. कातडी सोलवटली आहे. न्हाव्याकडे गेलो, डोकं गुळगुळीत करून घेतलं; केसांच्या मुळाशी काही असेल तर जाईल. न्हाव्याने माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. ते जास्त लागलं. नाक-घशाचे डॉक्टर खिडकीपाशी उभे राहून मला लांबूनच तपासत होते. म्हणाले, तुमचं नाक उत्तम आहे. ‘तुमचं’वर जोर होता.

आणि आजचा शनिवारचा फेरा तुडुंब. मी फाटकाशी बसलो तसा घोळक्यातून आवाज निघाला, हे बघा, वाससुद्धा आणलाय. लोक खूश. एक बाई रुमाल नाकाला लावून म्हणत होती, अगदी अस्सल, कसं केलं असेल हो? मॅनेजरबाईंनी लांबून अंगठा दाखवला. मीही हसलो. हसलो म्हणजे दात दाखवले.

परत येताना जिन्यावर, भर दुपारी, मागून कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला. लहानसा. मानेपाशी. वळलो तर जिना रिकामा.

३० सप्टेंबर, मंगळवार

मॅनेजरबाईंचा फोन. फार गोड बोलल्या. घरूनच लिहा म्हणाल्या, लेखकाला एकांत लागतो. आणि जाता-येता मागचं दार वापराल का? पुढून गिऱ्हाइकं असतात. शनिवारी अर्थात पुढेच, शनिवारी तुम्ही आमचे हिरो.

मी म्हटलं, हो, त्यात काय.

मागचं दार बोळात उघडतं.

लेकीचा फोन आला. तिच्या नव्या शाळेचा प्रवेश झाला आहे, कालव्यापलीकडे. म्हणते, बाबा, मी बारा तारखेला उतरले की आधी तुम्हाला घट्ट मिठी मारणार, तुम्ही दमून जाल. मी म्हटलं, मार की. आणि फोन ठेवून पुन्हा आंघोळीला गेलो.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी बोळातून गेलो. ऊन होतं. खालचे दगड ओले होते.

पुढे माणसं चालत होती. बाया, पुरुष, एकामागून एक. केस ओले, पाठीवर पाणी ठिबकत होतं. सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. पायांचा आवाज नाही. वर खिडकीत एक बाई कुंडीला पाणी घालत होती, तिने खाली पाहिलंच नाही. किंवा पाहिलं, आणि सवयीने खिडकी लावून घेतली.

ओरडायला तोंड उघडलं. त्यातल्या एकाने, मागे न बघता, थोडं अंग चोरून मला जागा करून दिली. आपल्या माणसाला करतात तशी.

आणि मी त्या जागेत शिरलो.

बोळ संपल्यावर कुणी नव्हतं. माझ्या नाकाच्या शेंड्याला विटेची लाल पूड लागलेली. म्हणजे मीही भिंतीकडे —

५ ऑक्टोबर, रविवार

मावशीकडे गेलो. बोळाने, कुणी बघू नये असा. इतक्या दिवसांत हे एकच काम होतं, आणि तेही चोरासारखं.

चहावाल्याने दार उघडलं आणि आडवा उभा राहिला. म्हणाला, आता काय हुंगायचं राहिलंय? आतून मावशी म्हणाली, येऊ दे रे त्यांना, उन्हातून आलेत.

तिने पाणी दिलं. माझ्या अगदी जवळ बसली. इतक्या दिवसांत माझ्याजवळ असं कुणी बसलं नव्हतं. मला रडूच आलं. मी विचारलं, मावशी, तुम्हाला वास नाही येत? ती म्हणाली, नाही हो दादा, मला कसा येईल.

चुकलो म्हणालो. जन्मभर शब्दांवर पोट भरलं आणि तेवढा एकच शब्द सुचला. तो तिने ऐकून घेतला. मग म्हणाली, इथे म्हणून काय उपयोग, इथे तर आम्ही सगळे एकमेकांना माफच असतो. फाटकाशी म्हणा. जे हसले त्यांच्यासमोर. मी न्हाऊन येईन.

मी म्हटलं, शनिवारी. नक्की. मोठे साहेब असले तरी.

चहावाला हसला. एकच वाक्य बोलला, की ‘असले तरी’ म्हणताय म्हणजे झालंच.

११ ऑक्टोबर, शनिवार

लिहून टाकतो.

मोठे साहेब पहिल्या रांगेत होते. मॅनेजरबाईंच्या हातात करार. लोक हुंग्या, हुंग्या म्हणून ठेका धरत होते. मावशी आली. ओले केस. तिने मान वाकवली नाही, माझ्याकडे बघत उभी राहिली. मी स्टुलावरून उठलो. शपथेवर सांगतो, उठलो. म्हटलं, मित्रहो, एक सांगायचं आहे. आणि सगळे हसले. मी काही बोललोच नव्हतो, तरी हसले. साहेबही हसले आणि पुढे झुकले, आता काय करतो बघू म्हणून.

मला दिसत होतं की ते वाक्य बोललो तर हा हसरा चेहरा कसा होईल. गोंधळेल. मग कंटाळेल. मग करार पिशवीत जाईल. आणि लेक पुन्हा त्या ताटावर.

मी —

नाक धरलं.

मावशी हलली नाही. मग एक पाऊल पुढे आली, माझ्या मानेपाशी वाकली आणि एकदा हुंगलं. हळूच. लोक वेडे झाले. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. ती माझ्यासाठी वाईट वाटल्यासारखी बघत होती. म्हणाली, गेला हो दादा तुमचा.

आणि बोळाकडे न वळता सरळ मुख्य रस्त्याने चालू लागली. गर्दी दुभंगली. चहावाल्याने टपरीची फळी खाली पाडली आणि तिच्यामागे गेला.

सही झाली. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. काढला नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

वास खरंच गेला. लिफ्ट भरलेली होती आणि कुणी उतरलं नाही. न्हावी पुढून बोलला. खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, काय मग, आज गृहप्रवेश.

दोघी आल्या. लेक दारातून धावत आली आणि गळ्यात पडली. नाक माझ्या मानेत खुपसलं. मी श्वास धरून वाट बघत होतो. ती म्हणाली, बाबा, तुम्हाला साबणाचा वास येतोय. टक्कल बघून पोट धरून हसली. बायको घरभर फिरली, विटांना हात लावले, खिडकीत उभी राहिली. म्हणाली, जमवलंस रे शेवटी. लेकीने दुसरी पोळी मागितली. तिसरीही.

मावशीचं उद्या बघतो. आता घाई नाही.

हे वरचं वाक्य मीच लिहिलंय. खोडत नाही. राहू दे.

१३ ऑक्टोबर, सोमवार

लेक शाळेतून आली ती दप्तर न उतरवताच बसली. विचारलं तर म्हणाली, बाईंनी सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या. मग तिला एकटीला शेवटच्या बाकावर बसवलं. कुणी काही म्हणालं नाही. फक्त मधल्या सुट्टीत तिच्या बाजूची फरशी रिकामी राहिली.

बायको म्हणाली, पहिला दिवस असतो असा. म्हणताना ती खिडकीशी उभी होती. तिलाही कळलं नव्हतं की ती तिथे का जाऊन उभी राहिली.

आणि मला —

इतके दिवस कसलाच आला नाही. आज आला. उकळती हाडं. खूर. दारातून ती आत आली तेव्हा —

धावत गेलो. मुख्य रस्त्याने, सगळ्यांदेखत, धापा टाकत. मावशीच्या खोलीला कुलूप. शेजारी म्हणाला, सकाळीच गेले, सामान हातगाडीवर घालून, भर रस्त्याने, म्हातारी पुढे चालत होती. कुठे ते सांगितलं नाही. मी तिथेच ओरडलो, चुकलो, चुकलो. ऐकायला तो शेजारी. म्हणाला, बरं.

फाटकाशी जाऊन ओरडलो. चार-पाच पाहुणे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळ. ती न्हाणीघरात आहे. आतून विचारते, बाबा, आता येतो का? मी म्हणतो, नाही गं, आता मुळीच नाही. पाण्याचा आवाज. पुन्हा विचारते. बायको दाराला डोकं टेकून बसली आहे, माझ्याकडे बघत नाही. मी हे मांडीवर घेऊन लिहितोय कारण हातांना काहीतरी —

पाणी थांबलं.

बाहेर आली. केस ओले. अंग घासून लाल केलंय. माझ्यासमोर उभी आहे. कुणी शिकवलं नाही तिला, आणि तरी मान वाकवली. म्हणते, खोटं नका बोलू बाबा, नीट बघा ना.

वाकतो. हसायचं. काही झालं तरी हसायचं, श्वास धरायचा आणि म्हणायचं, स्वच्छ. एवढा एकच शब्द.

साबण. साबणच. आणि त्याच्या खालून —

हात वर गेला. मी नाही नेला, तो आपोआप नाकाकडे — तिने पाहिलं. बरं म्हणाल्यासारखी मान हलवली आणि भिंतीकडे तों